विजेच्या तारेतून इंटरनेट : गावात का आले नाही, आणि घरात कुठे कामाला येते

जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या निमगाव सावासारख्या गावात लाईट कधीच पोहोचली. गावठाणातल्या घरात मीटर आहे, मळ्यातल्या वस्तीवर मीटर आहे, विहिरीवरच्या मोटरपर्यंत तार गेली आहे. इंटरनेटचे तसे नाही. गावठाणात मोबाइलला रेंज असते, पण मळ्यात गेल्यावर फोन उंच धरून बांधावर फिरावे लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची नोंद, हजचा फॉर्म, बँकेचा ओटीपी, आता सगळेच नेटवर आहे. मग साहजिकच प्रश्न पडतो : विजेची तार दारात आलीच आहे, तर तिच्यातूनच नेट का देत नाहीत?

प्रश्न अजिबात भाबडा नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना तो पडला होता आणि त्यांनी त्यावर बराच पैसा खर्च केला. विजेच्या तारेतून डेटा जातो, हे खरे आहे. तरीही गावोगाव असे नेट आले नाही, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे आम्ही या लेखात सोप्या भाषेत मांडतो. यात आपल्याच तालुक्यातल्या खोडदचा संबंध कसा येतो आणि आपल्या घरात या तंत्राचा उपयोग कुठे होतो, तेही पाहू.

हे तंत्र म्हणजे नेमके काय?

आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची असते. म्हणजे तारेतला प्रवाह सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होतो. विजेसाठी ही गती पुरेशी आहे. त्याच तारेवर फार वेगाने, म्हणजे सेकंदाला लाखो किंवा कोट्यवधी वेळा, मागे-पुढे होणारी एक बारीकशी लहर सोडता येते. तिची ताकद अगदी कमी असते. दिव्याला किंवा पंख्याला ती जाणवतही नाही, पण योग्य यंत्राला ती बरोबर ओळखता येते. डेटा याच लहरीवर स्वार होऊन जातो.

एकाच कालव्यातून पाणी वाहते आणि त्याच पाण्यावर कागदाची होडीही जाते, तसेच हे. पाणी पाण्याच्या कामाला जाते, होडी होडीच्या.

या पद्धतीला इंग्रजीत ‘ब्रॉडबँड ओव्हर पॉवर लाईन’ म्हणतात आणि त्याचे लघुरूप होते बीपीएल. आपल्याकडे बीपीएल म्हटले की पिवळे रेशनकार्ड आठवते, म्हणून या लेखात आम्ही त्याला सरळ ‘तारेतले नेट’ म्हणू. वेगवान डेटासाठी हे तंत्र साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरते. काही नवी यंत्रे 86 मेगाहर्ट्झपर्यंत जातात. या तंत्रासाठी आयईईई 1901 नावाचे आंतरराष्ट्रीय मानक 2010 मध्ये ठरले.

सबस्टेशनमधली जुनी ओळख

तारेतून निरोप पाठवणे ही मोबाइलच्या जमान्यातली कल्पना नाही. विजेची मोठी मंडळे हे काम जवळजवळ शंभर वर्षांपासून करत आहेत. 132 किंवा 220 केव्हीच्या सबस्टेशनजवळून कधी गेलात, तर लाईन आत शिरते तिथे एक गोल, ड्रमसारखे वेटोळे टांगलेले दिसेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. लाईनवरून आलेला निरोप पुढच्या यंत्रांत भरकटू नये म्हणून ते त्याला अडवते. शेजारचा कॅपॅसिटर तोच निरोप उचलून आतल्या खोलीत पोहोचवतो.

या पद्धतीचे नाव पॉवर लाईन कॅरियर. एका सबस्टेशनमधला माणूस दुसऱ्या सबस्टेशनमधल्या माणसाशी याच तारेवरून फोनवर बोलत असे. लाईनवर बिघाड झाला तर दुसऱ्या टोकाचे ब्रेकर उडवण्याचा हुकूमही याच तारेने जातो. यासाठी साधारण 500 किलोहर्ट्झच्या आतल्या लहरी वापरतात. बोलणे आणि थोडेफार आकडे पाठवणे एवढेच काम असल्याने हे तंत्र उत्तम चालले.

म्हणजे थोडा डेटा, जाड तार आणि दोन ठरलेली टोके असतील तर काम फत्ते. अडचण सुरू होते ती प्रत्येक घराला वेगवान नेट द्यायला निघाल्यावर.

जगात कोणी करून पाहिले?

1997 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर भागात नॉर्टेल ही टेलिफोन यंत्रांची कंपनी आणि नॉरवेब ही वीज कंपनी यांनी मिळून प्रयोग सुरू केला. टेलिफोनवरच्या नेटपेक्षा कितीतरी जास्त वेग मिळणार, अशी मोठी चर्चा झाली. पण तारेतला डेटा तारेतच राहीना. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब अँटेनासारखे वागून तो हवेत सोडत असल्याच्या तक्रारी आल्या. 1999 मध्ये प्रयोग बंद झाला. जर्मनीतही त्याच काळात अनेक वीज कंपन्यांनी असे नेट सुरू केले आणि पुढे बहुतेकांनी अंग काढून घेतले.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मनॅसस या शहराचे नाव फार गाजले. 2005 मध्ये संपूर्ण शहराला तारेतले नेट देणारे ते तिथले पहिले शहर ठरले. वीज वितरण नगरपालिकेच्याच हातात होते, त्यामुळे परवानग्यांचा खोळंबा नव्हता. तरीही ग्राहक पाचशेच्या आसपासच राहिले, खर्च निघेना आणि 2010 मध्ये सेवा बंद करावी लागली. लोकांना तोवर केबल आणि टेलिफोन कंपन्यांचे जास्त वेगाचे नेट मिळू लागले होते.

आपल्यासारख्या खेड्यांच्या दृष्टीने तिसरे उदाहरण जास्त बोलके आहे. आयबेक नावाची अमेरिकन कंपनी शहरांकडे न जाता गावाकडच्या वीज सहकारी संस्थांना हाताशी धरून काम करत होती. जिथे दुसरे कोणी नेट द्यायला तयार नव्हते, अशा दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत ती पोहोचली. 2011 च्या वसंतातल्या वादळांनी अलाबामा भागात खांब आणि तारा झोपवल्या. त्यांच्याबरोबर कंपनीची यंत्रेही गेली. 2012 च्या सुरुवातीला कंपनीने काम गुंडाळल्याचे जाहीर केले.

या तिन्ही ठिकाणी डेटा तारेतून गेला. हरले ते तंत्र नाही, हिशेब हरला.

आपल्या लाईनवर हिशेब आणखी का बिघडतो?

*डीपी आडवी येते.* गावात 11 किंवा 22 केव्हीची लाईन येते आणि डीपीवर ती 400 व्होल्टवर उतरते. ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झची वीज पुढे सोडतो, पण वेगवान लहरी त्याच्यात अडकतात. म्हणून प्रत्येक डीपीवर डेटाला वळसा देणारे वेगळे यंत्र बसवावे लागते. युरोपात एका ट्रान्सफॉर्मरवर शंभर-दोनशे घरे असतात, त्यामुळे एका यंत्राचा खर्च बऱ्याच घरांत वाटला जातो. अमेरिकेत एका ट्रान्सफॉर्मरवर पाच-दहाच घरे असतात, म्हणून तिथे खर्च चढला. आपल्या मळ्यातल्या डीपीवर मोटरी पुष्कळ आणि घरे मोजकी. शिवाय ओव्हरलोडने डीपी जळते. जळाली की नवी येईपर्यंत वाट पाहावी लागते. तोवर वीजही नाही आणि नेटही नाही.

*तारेवर गोंगाट आहे.* मोटर सुरू होताना, मिक्सर फिरताना, स्वस्तातला एलईडी बल्ब किंवा हलका चार्जर लावल्यावर तारेवर खरखर उठते. जुन्या रेडिओवर ती ऐकू यायची, आठवत असेल. डेटाची लहर आधीच बारीक, त्यात ही खरखर. बाजारात चार माणसे ओरडत असताना कानात सांगितलेली गोष्ट ऐकू येत नाही, तसा प्रकार होतो. मग यंत्र तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवते आणि वेग कोसळतो.

*तार सगळ्यांची एकच.* एका डीपीवरची सगळी घरे एकाच तारेवर असतात. संध्याकाळी दहा घरांत व्हिडिओ सुरू झाला की वेग दहा ठिकाणी वाटला जातो. शिवाय जोड सैल, न्यूट्रल कच्चा, मध्येच आकडा टाकलेला. अशा तारेवर वीज कशीबशी जाते, डेटा जात नाही.

*लाईट गेली की सगळे गेले.* मोबाइल टॉवरला बॅटरी असते, डिझेल असते. तारेतल्या नेटसाठी वाटेतल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र बॅटरी द्यावी लागेल. शेतीच्या लाईनवर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. बिबट्याच्या भागात रात्री मळ्यातून फोन लागणे ही चैनीची गोष्ट नाही. नेमक्या त्या वेळी बंद पडणारे नेट आपल्या काय कामाचे?

खोडदचा धडा : उघडी तार म्हणजे अँटेना

आता या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. तो समजून घ्यायला मँचेस्टरला जायची गरज नाही.

आपल्या तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जगभरातले शास्त्रज्ञ तिच्यासाठी इथे येतात. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यातल्या 14 मधल्या भागात साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये आहेत आणि 16 तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरल्या आहेत. दोन टोकांतले अंतर 25 किलोमीटरपर्यंत जाते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते.

ही दुर्बीण आकाश पाहत नाही, ऐकते. तिच्यापर्यंत येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की त्यांच्यापुढे साधा मोबाइलही कानाशी वाजवलेला ढोल ठरतो. 2023 मध्ये याच दुर्बिणीच्या मदतीने सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर पकडल्याची बातमी जगभर गेली. ही जागा निवडताना एक मोठे कारण हेच होते की इथे माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. पुणे-नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गाला या भागात हरकत आली, त्यामागेही हीच काळजी होती.

विजेच्या तारेचा या दुर्बिणीला त्रास होतो. इन्सुलेटरला बारीक तडा गेला, जंपर सैल झाला, की तिथे ठिणग्या उडतात. दिवसा त्या आपल्याला दिसतही नाहीत. पण त्या ठिणग्यांचा आवाज शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो आणि लाईन तो अँटेनासारखा दूरवर फेकते. म्हणून दुर्बिणीची माणसे आसपासच्या लाईन आणि डीपी तपासत फिरतात. सदोष जागा सापडली की महावितरणला कळवून ती दुरुस्त करून घेतात. त्यात गावाचाही फायदाच आहे. जिथे ठिणगी उडते, तिथेच उद्या तार तुटते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तारेतल्या नेटचा नेहमीचा पट्टा 2 ते 30 मेगाहर्ट्झचा, तर दुर्बिणीचे मुख्य पट्टे साधारण 120 मेगाहर्ट्झच्या पुढचे. म्हणजे दोघे थेट एकमेकांच्या वाटेत येतात असे नाही. तारेतल्या नेटचा खरा दणका बसतो तो शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकणाऱ्यांना आणि हॅम रेडिओवाल्यांना. पूर, भूकंप झाला आणि मोबाइल बंद पडले की हेच हॅमवाले निरोप पोहोचवतात. अमेरिकेत त्यांच्या संघटनेने या प्रश्नावर सरकारी नियामकाला कोर्टात खेचले होते.

पण धडा एकच आहे. विजेची तार डेटासाठी बनवलेलीच नाही. टेलिफोनची तार जोडीने पिळलेली असते आणि टीव्हीच्या केबलला जाळीचे कवच असते, त्यामुळे आतले आत राहते. खांबावरची उघडी तार आतले बाहेर फेकते आणि बाहेरचे आत ओढते. हा दोष महावितरणचा नाही, वायरमनचाही नाही. तो त्या तारेचा स्वभाव आहे. आणि ज्या भागात रेडिओची शांतता राखण्यासाठी एवढी धडपड चालते, तिथे गावभर पसरलेल्या उघड्या तारांवर नवा गोंगाट चढवणे शहाणपणाचे नाही.

आणखी एक गंमत पाहा. या दुर्बिणीच्या तबकड्यांकडून मधल्या इमारतीपर्यंत सिग्नल नेण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय वापरले? ऑप्टिकल फायबर. 1990 च्या दशकात, आपल्याकडे नेट हा शब्दही रुळला नव्हता तेव्हा, जुन्नरच्या शेतांमधून काचेचा धागा गेला होता. त्यात वीज नाही, त्यामुळे गोंगाटही नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच आपल्या शेतात होते.

तार नको, खांब हवा

आज जाणकारांचे मत याच दिशेने झुकले आहे. विजेच्या तारेतून डेटा नेण्यापेक्षा विजेच्या खांबावरून फायबर नेणे जास्त फायद्याचे. खांब तयार आहे, वाट तयार आहे, खोदाई नाही. काचेच्या धाग्याला 11 केव्हीच्या शेजारून जाण्याची भीती नाही, कारण तो वीज वाहूच शकत नाही.

मोठ्या टॉवरवर तर हे कधीचे सुरू आहे. 220 किंवा 400 केव्हीच्या टॉवरवर सर्वांत वर जी तार असते, ती आकाशातली वीज झेलण्यासाठी असते. अनेक ठिकाणी त्या तारेच्या पोटातच फायबर घातलेले असते. पॉवरग्रिड ही सरकारी कंपनी आपल्या टॉवरवरच्या अशा फायबरच्या जाळ्यावर दूरसंचाराचा व्यवसाय करते.

केरळने हेच गावपातळीवर आणले. तिथल्या वीज मंडळाच्या खांबांवरून फायबर नेऊन ‘के-फॉन’ हे सरकारी जाळे उभे राहिले आणि 5 जून 2023 ला त्याचे उद्घाटन झाले. 20 लाख गरीब कुटुंबांना फुकट नेट देणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. बीपीएल कार्डवाल्यांपर्यंत नेट पोहोचवण्याची वाट निघाली ती अशी, तारेतून नव्हे, खांबावरून.

आपल्या देशभरासाठी भारतनेट योजना आहे. 2011 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणायचे ठरले. महाराष्ट्रात तिच्या पुढच्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. पण फायबर पंचायतीच्या खोलीत येऊन थांबले तर मळ्यातल्या मुलीला त्याचा काय उपयोग? खोलीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा महत्त्वाचा, आणि तिथे खांब कामाला येतो.

यात कायद्याचा एक मुद्दा ग्रामसभेत बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. वीज कायदा 2003 च्या कलम 51 नुसार वितरण कंपनी आयोगाला आधी कळवून आपल्या मालमत्तेचा दुसऱ्या व्यवसायासाठी उपयोग करू शकते. त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा वहन आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. म्हणजे खांबाचे भाडे आले, तर त्यातला काही भाग ग्राहकाच्या बाजूने वळायला हवा. बिलावर ‘वहन आकार’ असा शब्द असतो, तो हाच.

मग घरात उपयोग कुठे?

रस्त्यावर हरलेले हे तंत्र घराच्या चार भिंतींत मात्र चांगले चालते. घरातले अंतर कमी, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही आणि तार उघडी नसून भिंतीत असते.

आपल्याकडची जुनी घरे आठवा. दीड-दोन फुटी दगडी भिंत, वर माडी, मागे पडवी. राउटर पुढच्या खोलीत. वायफाय दगडात अडते आणि माडीवर एक काडीही दिसत नाही. अशा घरासाठी पॉवरलाईन अडॅप्टर नावाची जोडी मिळते. एक डबी राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायची आणि राउटरला वायरने जोडायची. दुसरी माडीवरच्या सॉकेटमध्ये लावायची. मधला डेटा भिंतीतल्या विजेच्या वायरीतून जातो. नवी वायर नको, भिंतीला भोक नको. जोडीला काही हजार रुपये पडतात.

हे आम्ही नात्यातल्या एका घरी लावून पाहिले. पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, मुदतीचा शेवटचा दिवस होता. पहिल्यांदा डबी एक्स्टेन्शन बोर्डवर लावली आणि नेट चालेचना. दुकानदाराने फसवले, असे म्हणून झाले. मग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली आणि दिवा हिरवा झाला. कागदपत्रे चढत असताना अंगणातली पाण्याची मोटर सुरू झाली आणि वेग एकदम बसला. मोटर बंद केली, पाच मिनिटांत अर्ज गेला. त्या दिवशी टाकी अर्धीच भरली, पण कोणी तक्रार केली नाही. चूक डबीची नव्हती, लावण्याची होती. म्हणून या सूचना :

1. डबी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड, स्टॅबिलायझर यांच्यामागे नको. स्पाइक गार्ड जसा झटका अडवतो तसा हा सिग्नलही अडवतो.

2. दोन्ही डब्या एकाच फेजवर हव्यात. घरात थ्री फेज असेल आणि माडी वेगळ्या फेजवर असेल तर वेग फार कमी मिळतो किंवा जोडणीच होत नाही. कोणती खोली कोणत्या फेजवर आहे, ते वायरमनला विचारा.

3. इन्व्हर्टरवरचे सॉकेट आणि थेट लाईनवरचे सॉकेट अशी जोडी टाळा. लाईट गेल्यावर एक डबी चालू आणि दुसरी बंद, असे होईल. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर दोन्ही डब्या इन्व्हर्टरच्याच सॉकेटवर लावून पाहा.

4. खोक्यावरचा आकडा तसाच मिळेल असे समजू नका. खोक्यावर 600 किंवा 1000 एमबीपीएस लिहिलेले असते, ते प्रयोगशाळेतले. घरात त्याच्या तिसरा-चौथा हिस्सा मिळाला तरी चांगले म्हणा. ऑनलाइन तासाला तेवढे भरपूर होते.

5. डब्या लावल्यावर जोडणीचे बटण दाबून त्या एकमेकींशी बांधून घ्या. सिग्नल मीटरपाशी पूर्ण थांबतोच असे नाही, तो शेजारच्या घरातही जाऊ शकतो. बटण दाबले की डेटा कुलूपबंद होतो आणि शेजाऱ्याच्या डबीला तो वाचता येत नाही.

6. वायरिंग फार जुने असेल, कटआउट तापत असतील, अर्थिंग नसेल, तर आधी वायरिंग नीट करा. नेट नंतर. घर जळाले तर नेटचे काय करायचे?

7. दुकानातून परत करण्याची मुभा असेल तरच घ्या. एकाच गल्लीतल्या दोन घरांत निकाल वेगळा लागतो. नळीतून साधी लॅन केबल माडीवर नेता येत असेल, तर ती याहून स्वस्त आणि पक्की.

आणि एक ताकीद. स्वतः काही जुळवून विजेच्या लाईनला डेटाची वायर जोडण्याचा प्रयोग कधीही करू नका. मुलांना तर हात लावू देऊ नका. मानांकन असलेल्या डबीत विजेला अडवणारे भाग असतात, म्हणून ती सुरक्षित. घरगुती जुगाडात 230 व्होल्ट सरळ हातात येतो. डबी फक्त नेट पुढे नेते, तयार करत नाही, हेही ध्यानात ठेवा. राउटरला नेट नसेल तर डबीलाही नसणार. ‘सॉकेटमध्ये लावा आणि फुकट नेट मिळवा’ असे कोणी सांगत असेल, तर तो खोटे बोलतो आहे.

आणखी कुठे दिसते?

*मीटरमध्ये.* इटली आणि फ्रान्समध्ये कोट्यवधी मीटर आपले रीडिंग विजेच्या तारेतूनच पाठवतात. रीडिंग म्हणजे चार आकडे, त्याला वेग लागत नाही, म्हणून तिथे हे तंत्र टिकले. आपल्या देशात स्मार्ट मीटरसाठी मुख्यतः मोबाइलचे सिम किंवा रेडिओ वापरतात. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत, त्यातल्या बिलाबद्दलच्या शंका जरूर विचाराव्यात. पण मीटर तारेतून घरातले बोलणे ऐकतो, या बोलण्यात तथ्य नाही. तो युनिट, व्होल्टेज असल्या विजेच्या नोंदी पाठवतो.

*विजेच्या गाडीत.* सीसीएस पद्धतीच्या फास्ट चार्जरला गाडी लावली की गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात : बॅटरी किती भरली आहे, किती करंट सोसेल. हे बोलणे चार्जिंगच्या केबलमध्ये याच तंत्राने होते. ज्याला गावाने नाकारले, त्याने गाडीत जागा पटकावली.

शेवटी एवढेच

तारेतले नेट खोटे नव्हते. ते चुकीच्या जागी वापरायला निघाले होते. घरातल्या भिंतीत ते चालते, मीटरमध्ये चालते, सबस्टेशनमध्ये तर केव्हापासून चालते. गावभर पसरलेल्या उघड्या तारेवर मात्र ते आपल्याला परवडणारे नाही आणि खोडदच्या शेजाऱ्यांनाही नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. ग्रामसभेत बसाल तेव्हा ‘तारेतून नेट द्या’ असे मागू नका. पंचायतीपर्यंत आलेले फायबर चालू आहे का, हे विचारा. खांबावरून ते वस्तीपर्यंत कधी येणार, हे विचारा. शाळा, दवाखाना आणि मळ्यातली घरे कोणत्या क्रमाने जोडणार, हे लेखी विचारा. आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते, तेव्हा मुलामुलींना तिथे जरूर घेऊन जा. तबकडीखाली उभे राहून त्यांना सांगा की ही दुर्बीण जे ऐकते, ते काचेच्या धाग्यातून शेतांखालून आत जाते. तो धागा आपल्या दारात कधी येणार, हा प्रश्न मग तीच पोरे विचारतील.